काच बंद होती

किस्से जमवावे लागत नाहीत. टेबलाच्या खणात जुनी व्हिजिटिंग कार्डं साचतात तसे ते साचतात, आणि खण उघडला की कळतं, केवढे आहेत! रिपोर्टर म्हणून उभा जन्म मी दुसऱ्यांची लाज काढली. आज आमची काढतो. आमची म्हणजे वाशीतल्या एकाच सोसायटीतल्या दोन जोडप्यांची: एपीएमसीत कांद्याचा गाळा असलेले शिंदे, सुनंदावहिनी, माझी बायको शैला आणि मी. आफ्रिकेतलं अभयारण्य, भाड्याची गाडी, ड्रायव्हर आपणच.

*

पहिल्याच सकाळी हत्तींचा कळप रस्ता ओलांडायला लागला. सगळ्या गाड्या इंजिन बंद करून थांबल्या. शिंद्यांनी हॉर्न दिला. मार्केटात टेम्पो हटवायला देतात तसा, लांबलचक. हत्तीणीनं कान पसरले आणि आमच्याकडे तोंड केलं.

शिंदे अर्धा किलोमीटर रिव्हर्समध्ये गेले. थांबल्यावर घाम पुसत म्हणाले, "साइड मागायची सवय हो, भाऊ."

*

दुपारी एका झाडाखाली सिंह दिसला. आधी आलेल्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. शिंद्यांनी उजवीकडून सगळ्यांना मागं टाकून आमची गाडी पार पुढं नेऊन आडवी घातली. कुणी शिवी दिली नाही, कुणी हॉर्नही वाजवला नाही. तेच जास्त लागलं.

वहिनी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "अहो, सिंह काय संपनार हाय का?"

*

गाडीतून उतरू नका, अशी पाटी दर वळणावर होती. शैलाला जिराफासोबत फोटो हवा होता. मीच म्हणालो, उतर, दोन मिनिटांत काय होतंय! आणि तिच्यामागोमाग मीही उतरलो. मागून आलेल्या गाडीतल्या एका आजीबाईंनी काच न उघडता पाटीकडे फक्त बोट दाखवलं.

वाशीच्या खाडीवर फ्लेमिंगोंच्या अंगावर जाऊन सेल्फी काढणाऱ्यांना मी पेपरात सलग तीन दिवस झोडपलं होतं. निमूट गाडीत बसलो.

*

कॅम्पचं फाटक सहाला बंद होई. आम्ही सात मिनिटं उशिरा पोचलो. शिंदे म्हणाले, भाऊ, आता तुमचं इंग्रजी काढा. मी काढलं. पर्यटकांचे हक्क, माणुसकी, आमच्याकडे पाहुण्याला कसं वागवतात, सगळं ऐकवलं. फाटकावरची बाई हाताची घडी घालून ऐकत राहिली. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा तिनं घड्याळ पुढं केलं.

"मघाशी सात मिनिटं होती, सर. आता बावीस झाली."

*

चौथ्या दिवशी एक बबून, म्हणजे कुत्र्याच्या तोंडाचं दांडगं माकड, आमच्या बॉनेटवर येऊन बसला. डाव्या कानाचा तुकडा उडालेला. काच मी खाली केली. वहिनींची चकली मी दिली. दुसरी मागायला त्यानं हात थेट आत घातला, तेव्हा आम्ही चौघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी एक रेंजर वही घेऊन आमच्या टेबलापाशी आला. त्याच वाटेवर एका बबूननं गाडीत हात घालून एका बाईला ओरबाडलं होतं. डावा कान तुटका. आमचाच!

रेंजरनं शांतपणे समजावलं. कुणी खायला देऊन सवय लावली असेल, तर त्या माणसाला पार्कबाहेर काढतात आणि बबूनला लांबच्या रानात नेऊन सोडतात. कुणीच दिलं नसेल, तर जनावरच धोक्याचं ठरतं, मग त्याला गोळी घालावी लागते. आदल्या दिवशी त्या वाटेवर आमची गाडी होती, म्हणून तो विचारायला आला होता.

शिंदे कपातल्या चहाकडे बघत बसले. शैलानं टेबलाखालून माझा पाय दाबला. आमचे अजून दोन दिवस उरले होते.

"काच बंद होती," मी म्हणालो.

त्यानं लिहून घेतलं. नाव विचारलं, मी सांगितलं. मग काम काय करता, ते विचारलं.

"पत्रकार."

"मग आणखी कुणाला विचारत नाही, सर," तो म्हणाला आणि त्यानं वही मिटली.