गाळणीवरचा पहिला आकडा

कोळशात थोडा किरणोत्सार असतो, हे तिला मीच सांगितलं होतं. कर्जतच्या आमच्या शाळेत ती भूगोल शिकवायची, मी विज्ञान. पंधरा वर्षांची मैत्री. खालापूरकडच्या तिच्या गावाला लागून एका कारखान्याचा कोळशावरचा बॉयलर होता. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी, घराघरात खोकला. अर्ज करून ती थकली होती.

"अगदी अल्प असतो गं," मी म्हटलं, "राखेत जरा जास्त उरतो. तसा तो माती-दगडातही असतोच."

"मग मोजू या की!"

ओळखीच्या प्राध्यापकांकडून मोजणीचं यंत्र आणलं. हवा ओढणाऱ्या पंपाला कागदी गाळणी लावून तो बॉयलरमागच्या ठाकरवाडीत एका मावशींच्या पडवीत ठेवला. मावशी जवळच्याच शिळफाट्याला भाजी विकायच्या. त्यांनी पंपाला वीज दिली, आम्हाला कोरा चहा दिला.

दुपारी गाळणी काढून यंत्राखाली धरली, तशी टिकटिक एकदम वाढली. मैत्रिणीने माझं मनगट घट्ट धरलं.

"थांब," मी म्हटलं. "हा बहुतेक रेडॉन वायू. तो जमिनीतून सगळीकडेच निघतो, त्यातून तयार झालेले कण कागदावर बसतात. तासाभराने बघ."

तासाभरात टिकटिक निम्म्याहून खाली आली; संध्याकाळपर्यंत जवळजवळ नेहमीइतकी. दुसऱ्या दिवशी बॉयलरपासून लांब, दहिवलीला माझ्या अंगणातही अगदी तसंच झालं. मी सगळे आकडे वहीत मांडले आणि खाली लिहिलं: 'किरणोत्सार नेहमीचाच. काजळी मात्र भरपूर, ती वेगळी तपासायला हवी.' तिने त्या पानांचे फोटो काढून घेतले.

आठवड्याने स्थानिक पेपरात तिचा लेख आला. त्यात एकच आकडा होता, गाळणी काढल्याबरोबरचा. शेजारी ठाकरवाडीचं आणि माझं नाव.

"खोटं काय लिहिलंय?" तिने मलाच विचारलं. "तुझ्याच वहीतला आहे."

"बाकीचेही माझ्याच वहीत होते."

"ते छापले असते तर कुणी वाचलं असतं? काजळी काजळी करून इतकी वर्षं कुणी ऐकलं का?"

तिच्या गावाचा खोकला खरा होता, म्हणून तर मी गेले होते.

कारखान्याने तज्ज्ञ आणले. त्यांनी सगळ्या गावासमोर दिवसभर मोजून दाखवलं. सगळं नेहमीचंच निघालं. लेख अफवा ठरला आणि काजळीचे जुने अर्जही त्याच्याबरोबर निकालात निघाले. मी वही घेऊन पंचायतीत गेले, तर सरपंच म्हणाले, "बाई, एकदा तुमच्याच नावावर इसवास ठेवला. आता पुरे."

तिथून शिळफाट्याला गेले. मावशींची टोपली तशीच भरलेली होती. लोक अजूनही म्हणत होते, किरणांच्या वाडीची भाजी. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, मी असं लिहिलं नव्हतं हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमी दोघी एका गाडीवर आल्या, एका गाडीवर गेल्या," त्या म्हणाल्या. "तुमच्यातली खरी कोन, मला काय ठावं?"

बॉयलर चालूच आहे. मावशी आता भाजी नेरळला नेतात. तिथे त्यांची वाडी कोणती, हे कुणी विचारत नाही.