अंघोळ घातलेला धोंडा

फुसाए हिरुमा आमच्या सुवा खोऱ्यातल्या सफरचंदवाल्याची पोर. पन्नाशी उलटली, तरी अंगात वारं भरल्यागत चालायची. चार वर्षं घालून तिनं अंतर मोजायचं यंत्र रचलं होतं. यान लघुग्रहाजवळ गेलं की लेसरचा उजेड सोडायचा, तो परतायला किती वेळ लागला ते मोजायचं, की अंतर कळलं. पण लघुग्रह कोळशागत काळा. गेलेला उजेड परत येतोय कशाला! आज यान धाडणाऱ्या संस्थेचे पाव्हणे बघायला आले होते. यंत्राला काळा धोंडा दिसला नाही, तर यानात त्याला जागा नव्हती.

समोरच्या टेकडीवर, चारशे बारा मीटरवर, काजळी फासलेल्या धोंड्यांचा ढीग. यंत्राच्या डोळ्यापुढं गडद काच, म्हणजे तेवढंच अंतर वीस किलोमीटरच्या तोडीचं व्हावं.

पहिल्याच दणक्यात आकडा आला. चारशे बारा! तिचा मदतनीस मी, टाळी पिटली. फुसाए मात्र दुर्बिणीला डोळा लावून ओरडली, "ढीग पांढरा कसा दिसतोय?"

आमचे साहेब ओगावारा लाजत म्हणाले, "पाव्हणे यायचे म्हणून सकाळी घासून धुतला."

"धोंड्याला अंघोळ घातलीत? मग पावडरबी लावायची हुती!"

"हिरुमासान, आकडा आलाय न्हवं? गप बसा की," साहेब कुजबुजले.

"खोटा हाय त्यो."

पाव्हण्यांपुढं कमरेत वाकून तिनं तासाभराची मुदत मागितली. कोठाराच्या भिंतीला पावसानं कुजू नयेत म्हणून जाळून लावलेल्या फळ्यांचा कोळसा खरवडून बादली भरली आणि टेकडी चढली. मागं धापा टाकत मी. दोघांनी हातांनी धोंडे माखले.

खाली आलो. उजेड सोडला. पडदा कोरा. पुन्हा सोडला. कोराच. पाव्हण्यांतला म्हातारा घड्याळ बघाय लागला.

"ह्याचा कान जड झालाय," म्हणत फुसाएनं पेचकस घेतला. परत आलेला फार बारीक उजेड न मोजता टाकून द्यायचा पेच अर्धा आटा सैल केला, म्हणजे तोही मोजला जावा. "सोड!"

चारशे बारा. पुन्हा चारशे बारा. दहा वेळा सोडला, नऊ वेळा आला!

म्हाताऱ्यानं घड्याळ झाकलं. "यानात ह्याची जागा धरा," म्हणाला.

साहेबांनी आनंदानं खिशातला पंचा काढून तिच्या कोळशानं काळ्या तोंडाकडं हात नेला.

"खबरदार!" फुसाए मागं सरली. "तुमच्या हातात पंचा दिसला की मला त्यो धुतलेला धोंडा आठवतो."