फालशाच्या वाडीवर

बाबांनी स्कूटर घेतली त्या उन्हाळ्यात आई म्हणाली, "मले सायकल शिकायची आहे."

छत्तीसगड वेगळं राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. आईनं, म्हणजे कांता मेश्रामनं, चाळिशी गाठली होती. बाबा पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला होते. आम्ही कारखान्याच्याच सेक्टर १०च्या क्वार्टरमध्ये राहायचो.

"पडशीन," बाबा म्हणाले.

"पडीन तं उठीन."

पण दोन दिवसांनी बाबांनी आपली दांडीची सायकल दुकानात देऊन जुनी लेडीज सायकल आणली आणि अंगणात लावून ड्युटीवर निघून गेले.

पहाटे रस्ता रिकामा असायचा. मी कॅरिअर धरून मागं पळायची आणि आई ओरडायची, "आम्रपाली, सोडू नको." एकदा मी सोडून दिलं. आई कडेच्या मेंदीत जाऊन पडली, कोपर सोलून निघालं, आणि ती तिथंच बसून हसत राहिली.

मग आम्हाला पाय फुटले. वैशाली नगर मागं टाकलं की वस्ती विरळ व्हायची आणि एका वळणावर बिसाहिनची वाडी लागायची. ही तिथली छत्तीसगढी शेतकरीण. कुंपणालगत फालशाची झाडं, बाहेर आंब्याखाली बाज, बाजेवर टोपली. पळसाच्या पानांच्या दोन्यात ती बोरांहून लहान, आंबटगोड फालसे भरून द्यायची, वर चिमूटभर काळं मीठ. "खा न बहिनी," म्हणायची. आईला छत्तीसगढी येत नव्हती, बिसाहिनला मराठी कळत नव्हती, तरी दोघी तासभर बोलायच्या. मी जांभळी बोटं फ्रॉकला पुसायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी नळाला पाणी उशिरा आलं, म्हणून आम्हाला निघायला उशीर झाला. वाडीवर पोचलो तेव्हा लू, दुपारचा तापलेला वारा, सुटली होती. बिसाहिन बाजेखाली पडलेली. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. आईनं हाक मारली तर ती कुणा दुसऱ्याच बाईचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटली. घरात कुणी नव्हतं. मुलगा आणि सून मजुरीला गेले होते.

आईनं माठ तिच्या डोक्यावर रिकामा केला. तिला धरून कॅरिअरवर बसवलं आणि तिचा पदर आपल्या कमरेला करकचून बांधला.

"तू मांगून पाठ धर इची," मला म्हणाली.

तोवर आईनं माझ्याखेरीज कुणाला डबल नेलं नव्हतं. सायकल सुरुवातीला इतकी डुलली की मी डोळे मिटले. मग ती सरळ झाली. आई पूर्ण वाट तिच्याशी मराठीत बोलत होती, "झोपू नको बाई, आलाच दवाखाना, झोपू नको." मी धापा टाकत पळत होते. एक चप्पल कुठंतरी राहिली.

वस्तीतल्या डॉक्टरांनी लगेच सलाइन लावलं. संध्याकाळी बिसाहिननं डोळे नीट उघडले आणि आईचा हात धरून ठेवला. रात्री घरी आल्यावर आई पाय पसरून भिंतीला टेकून बसली. बाबांनी तेल गरम करून आणलं.

त्यानंतर दर बुद्धजयंतीला बिसाहिन टोपली घेऊन आमच्या क्वार्टरवर यायची, खीर खायची, उन्हं उतरली की जायची. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आम्ही वैशाली नगरात आलो, तरी ती पत्ता शोधत आली.

ती गेली तेव्हा मी नोकरीला पुण्यात होते. फोनवर आई एवढंच म्हणाली, "बिसाहिन गेली," आणि नंतर बराच वेळ दुसऱ्याच गोष्टी बोलत राहिली.

यंदा मे महिन्यात घरी गेले तेव्हा आईला स्कूटीवर घेऊन निघाले. गुडघ्यांमुळं तिची सायकल सुटली आहे. वाडीचा अर्धा भाग प्लॉटिंगमध्ये गेलाय, पांढरे खांब उभे आहेत. उरलेल्या अर्ध्यात फालसा आहे. बिसाहिनची सून ताडपत्रीखाली बसते आणि प्लास्टिकच्या डब्यांतून विकते. तिनं आईला पाहिलं आणि उठून बाजेवर जागा करून दिली.

आईनं एक फालसा तोंडात टाकला. बी बराच वेळ गालात धरून ठेवली. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली, सून आत डबे आणायला गेली, आणि आई तराजू ओढून घेऊन हिंदीत विचारू लागली, "कितना दूँ?"

मी हेल्मेट हातात धरून उभी होते.

"तू जाय घरी," माझ्याकडं न बघता ती म्हणाली. "मी येतो मंग."