शेवंताकाकींचा सत्कार

तब्येत विचारली की शेवंताकाकी म्हणायच्या, "सध्या बरी हाय." त्यातल्या 'सध्या'वर त्या एवढा जोर द्यायच्या, की भेटायला आलेला माणूस बिस्किटांचा पुडा ठेवून लगेच उठायचा.

अवसरी खुर्दला त्यांची कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ होती. मी परभणीकडची, सातवीतून शाळा सुटलेली, नवऱ्यामागं इकडं आलेली आणि इथंच त्यानं सोडलेली. काकींनी मला चपात्यांना ठेवलं, राहायला खोली दिली. त्यांचं अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो संपली, तरी दर तपासणीआधी नवस बोलायचे ते मी.

गावात त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. पुरुष 'पोटाचं' म्हणत, बायका नुसती मान हलवत. काकींचा पुतण्या बाळासाहेब मात्र पंचायतीला उभा राहणार होता. त्यानं फाट्यावर फ्लेक्स लावला: 'दुर्धर आजारावर यशस्वी मात केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. कोपऱ्यात काकींचा लहानसा फोटो, बाकी सगळा बाळासाहेब आणि त्याचे नेते. बघणाऱ्याला वाटावं, गाठ यांनीच काढली.

"अरं, मंगळवारी रिपोर्ट हाय माझा," काकी म्हणाल्या.

"म्हणून तर रविवारी सत्कार ठेवलाय, काकी. नंतर काय निघालं तर अडचण नको." हे तो अगदी काळजीनं बोलला.

देवळापुढं मांडव पडला. शाल, नारळ झाला. एकानं काकींच्या जिद्दीला वंदन केलं, दुसऱ्यानं त्याच दमात रस्त्याच्या डांबराचं श्रेय घेतलं. मग माईक काकींच्या हातात आला.

"पोटाचा न्हाई, अंडाशयाचा," त्या म्हणाल्या. बाळासाहेब गळ्यातला हार निरखू लागला. "पोट फुगायचं, दोन घास खाल्लं की भरायचं. मी ग्यास समजून ओवा खात बसले. बायांनो, असं रोजच व्हायला लागलं तर ओवा ठेवा आन् डाक्टरला दाखवा. आन् मात-बित मी काय केली न्हाई. सध्या काय दिसत न्हाई, एवढंच डाक्टरबाई म्हणल्यात."

पुरुषांना एकदम चहाची आठवण झाली. बायका मात्र जागच्या हलल्या नाहीत.

मंगळवारी पुण्याला मीच सोबत गेले. रक्ताच्या तपासणीत कॅन्सरचा आकडा थोडा वाढला होता. "एवढ्यावरून काही सांगता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात पुन्हा बघू."

परतताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडत होते.

"तोंड इकडं कर," काकी म्हणाल्या. "उद्या भाजी काय?"

"वांगी," मी कसंबसं म्हटलं.

"आन् परवा?"

उद्याच्या पुढचं काही डोळ्यांपुढं येतच नव्हतं.

"घरी गेल्या गेल्या मटकी भिजत घाल. परवापतुर मोड येत्यात," काकी म्हणाल्या. "आन् जरा जास्तच घाल. परीक्षा जवळ आल्यात, पोरं लई खात्यात."