सुमनमावशीचा डावा हात

काल आमच्या गावी, तेरला, माझ्या मावशीला शेवटची आंघोळ घालायला भावकीतली एक बाई पुढं आली नाही.

अंगणात घोळका होता. पदराआडून कुजबुज चालू. हात लावायला कुणी नाही.

कारण सगळ्यांनी तिला आधीच उघडी बघितली होती. मोबाईलवर.

सुमनमावशी पुण्याला आर्ट कॉलेजात न्यूड मॉडेल होती. गावात सांगायची, झाडलोट करते. मग कुणाच्या तरी प्रदर्शनातलं तिचं चित्र गावच्या ग्रुपवर आलं, आणि संपलं सगळं.

चित्रात ती पाय मुडपून बसलीय. मान ताठ, छाती उघडी. डावा हात तेवढा ओटीपोटावर.

ग्रुपवर लिहिलं, "बसलीय कशी बघा. लाजच न्हाय."

प्रदर्शनात चित्राखाली लिहिलेलं, "स्त्रीची लज्जा आणि असुरक्षितता."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! दोघांनीही.

मी त्याच कॉलेजात शिकले. पहिल्यांदा लाईफ क्लासला, म्हणजे समोर उघडं माणूस बसवून चित्र काढायच्या तासाला, गेले तर समोर मावशी. मी दारातूनच मागं फिरायला लागले.

ती तिथूनच म्हणाली, "बस गं. मला गार लागायलंय, लवकर काढ."

सर दर वेळी म्हणायचे, "मावशी, हात जरा काढा. पोटाची लाईन दिसत नाही."

"न्हाय सर. बाकी समदं बघा. तेवढं माझ्या लेकीचं हाय."

हाताखाली सीझरचा व्रण होता. लेक जन्मली ती रडलीच नाही. पुढं मूल होणार नाही म्हटल्यावर नवऱ्यानं मावशीला माहेरी आणून सोडलं. पोटासाठी ती पुण्याला गेली.

इतकंच होतं त्या पोजमध्ये. लाज नव्हती आणि निर्लज्जपणाही नव्हता.

काल शेवटी शेजारची म्हातारी आक्का आली, गुडघे धरत. "मेलेल्या माणसावर कसला राग गं बायांनो?" मग मला म्हणाली, "ये, पाणी घे."

दोरीवर साडी टाकून आडोसा केला. आम्ही दोघींनीच आंघोळ घातली. मला खूप रडू येत होतं, आणि खूप चीडही.

आक्कानं रीतीप्रमाणं तिचे दोन्ही हात छातीवर घेतले.

"आक्का, डावा खाली ठेवा."

"खाली कुठं?"

मी दाखवलं. आक्कानं व्रण बघितला. बराच वेळ बघितला. मग स्वतःच हात तिथं ठेवला आणि वरून लुगडं घट्ट खोचलं.

ही पोस्ट मी पब्लिक ठेवलीय. गावच्या ग्रुपवर खुशाल टाका.

जा मावशी.

हात तसाच राहू दे. आता कुणी काढ म्हणणार नाही.