भय्याजींची ठोकाठोक

आयुष्यात मी एकदाच भांडण उकरून काढलं, आणि तेही ज्यांच्या विहिरीचं पाणी आम्ही पीत होतो त्यांच्याशी.

मी तेव्हा नागपूरला महालातल्या एका शाळेत मास्तर होतो. विषय गणित आणि निसर्ग-निरीक्षण. (दुसऱ्या विषयाला कोणी तयार नव्हतं.) वैशाखात आमची विहीर आटायची, मग शेजारच्या भय्याजींकडून पाणी भरायचं. भय्याजींचं इतवारीत तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. दुपारी ते घरी येत, जेवत आणि झोपत. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं.

त्या उन्हाळ्यात बायको भावाच्या लग्नाला पारशिवनीला गेली आणि सुट्टीत मी घरी एकटा राहिलो. पहिल्याच दुपारी वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून आडवा झालो, तोच आवाज सुरू झाला. टुक, टुक, टुक, टुक. तांब्याच्या भांड्यावर कोणी हातोडी मारावी तसा, न थांबता. कधी वाटे डावीकडून येतोय, कधी उजवीकडून. म्हणजे भय्याजी भांडं घेऊन घरभर हिंडत ठोकताहेत, असा निष्कर्ष मी काढला.

चौथ्या दिवशी कुंपणापाशी जाऊन हाक मारली. भय्याजी डोळे चोळत बाहेर आले. (झोपेचं सोंग, हे मी लगेच ओळखलं.)

"भय्याजी, भांडी दुकानात ठोकत जा. माणसाले दुपारचं झोपू द्या."

"कोण ठोकून राहिलं, मास्तर? मी त झोपून होतो."

"मग काय तुमची भांडी आपोआप वाजतात?"

त्यावर ते माझ्या कानांविषयी काही बोलले. मी त्यांची पातेली गळतात असं बोललो. ते बोलायला नको होतं.

संध्याकाळी घागर घेऊन गेलो तर विहिरीवर दोर नव्हता.

"दोर धुवाले देला," भय्याजी ओसरीवरून शांतपणे म्हणाले.

तो दोर आठवडाभर धुतला जात होता. मी पार सरकारी नळावरून खांद्यावर घागरी वाहत होतो, आणि ठोकाठोक उलट वाढली होती. आता तर ती अगदी स्पष्ट भय्याजींच्या घरातून येत होती. खांदे सोलून निघाले होते, पण आपलं खरं ठरल्याचं समाधान होतं.

बायको परत आली. तिनं आधी रिकामा रांजण पाहिला, मग मला.

"काहून भांडले तुम्ही?"

"ऐक. आता सुरू होईल."

टुक, टुक, टुक. तिनं पदर खोचला. मग हाताला धरून मला आमच्याच अंगणातल्या उंबराखाली घेऊन गेली. शेंड्याला चिमणीएवढा हिरवा पक्षी बसला होता, कपाळ लाल, गळा पिवळा. दर टुकला त्याची मान हलत होती. मान डावीकडे वळली की आवाज डावीकडून, उजवीकडे वळली की उजवीकडून.

"तांबट आहे तो. पारशिवनीत लहान पोरही ओळखते. तुम्ही शाळेत शिकवता तरी काय?"

माफी मागणं भाग होतं, पण नुसतं जाऊन पाया पडायला मन घेईना. मी ठरवलं की त्या पक्ष्याचं रीतसर निरीक्षण लिहायचं आणि तेच भय्याजींपुढे पुरावा म्हणून ठेवायचं. बायको लग्नाच्या दगदगीनं दुपारी गाढ झोपायची, आणि मी चार दिवस वही घेऊन उंबराखाली बसलो.

पाचव्या दिवशी आम्ही दोघं भय्याजींकडे गेलो. मी माफी मागितली आणि वही उघडली.

"उंबरावर तांबट पक्ष्याची मादी असते," मी वाचू लागलो. "नर पूर्वेकडून उत्तर देतो. त्याचा आवाज जाड आहे. चारच्या चहाला तो थांबतो."

भय्याजी सुपारी कातरायचे थांबले. "पूर्वेकडे त आमचं घर हाये."

"हो ना. तुमच्याच छपरावर असणार."

"मास्तर, तो नर मी आहो." त्यांनी मान खाली घातली. "तुम्ही खोटा आळ घेतला, मग म्हटलं आता खरंच ठोकू. रोज दुपारी गंगाळ घेऊन बसलो. पण तुम्ही भांडालेही येत नव्हते. म्हून अजून जोरात ठोकलं. हात भरून आले गा."

मी वही मिटली.

"पुढचं वाचा ना," भय्याजी म्हणाले.

"पुढं काही विशेष नाही."

त्यांनी वही हातातून ओढून घेतली आणि मोठ्यानं वाचलं, "नराची हाक दिवसेंदिवस अधिकच व्याकूळ होत चालली आहे. मादी मात्र त्याला अजिबात दाद देत नाही."

भय्याजींच्या पत्नी, काकू, चहाचे कप घेऊन दारातच उभ्या होत्या. कप खाली ठेवून त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "हे मात्र तुह्या मास्तरनं बरोब्बर लिहिलं वं."

माझ्या साऱ्या निसर्ग-निरीक्षणात तेवढं एक वाक्य खरं निघालं, आणि तेही पक्ष्याबद्दल नव्हतं.