वहिनींचे चार दात

दातोबाचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा. उजाडेपर्यंत दिव्याखाली घासकाम उरकायचं, म्हणजे सकाळचा उजेड दाताचा रंग जुळवायला मोकळा राहायचा.

दातोबा हे नाव आम्ही ठेवलेलं. दंतवैद्य तोंडाच्या मापाचे साचे आमच्या कारखान्यात पाठवायचे. मी त्यांत प्लास्टर ओतून जबडा काढून द्यायचो आणि शेजारच्या टेबलावर तो समोरचे दात घडवायचा. सिरॅमिकची ओली पूड ब्रशच्या टोकावर घेऊन थर द्यायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा थर. घाई केली की तडा. शेवटी दातावरच्या बारीक रेघा घासून काढायच्या. तोंडाला फडकं बांधलं की चष्म्यावर वाफ धरायची, रेघ दिसायची नाही. म्हणून फडकं गळ्यात आणि धूळ फुंकरीने उडवायची. सगळेच तसं करायचे. त्याचं काम सर्वांत सावकाश, म्हणून त्याच्या फुंकरीही सर्वांत जास्त.

त्याच्या बायकोचे, आमच्या वहिनींचे, समोरचे दोन दात लहानपणी जिन्यावरून पडून तुटलेले. शेजारचे दोन काळवंडलेले. त्या तोंडावर हात धरूनच हसायच्या.

"गावभरच्या बायकांना हसवतोस आणि घरची तोंड झाकून," मी टोचायचो.

"दंतवैद्याचे पैसे जमू देत, मग बघ."

दात तो स्वतः घडवणार होता. पण मुळांचा उपचार आणि दात बसवणं त्याच्या हातातलं नव्हतं, आणि ते महाग होतं. त्यासाठी तो रविवारीही कामावर बसायचा. वर्षानुवर्षं बसला.

पैसे जमत आले तेव्हा त्याने चारही दात आधी मेणात घडवले. दंतवैद्यांनी त्यावरून कच्चे दात करून वहिनींच्या तोंडात तात्पुरते बसवले. आरसा देण्याआधी दातोबा म्हणाला, "'फ'चं काहीतरी बोल." फ म्हणताना वरच्या दाताची कड खालच्या ओठाला अलगद टेकली, की लांबी बरोबर.

"फुकट्या नवरा!"

"अजून एकदा."

"फार फार फुकट्या!"

मग त्यांनी आरसा घेतला आणि हसल्या. हात मांडीवरच राहिला. दातोबा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. कच्चे दात काढले, पुढच्या महिन्याची तारीख ठरली.

खोकला त्याला आधीपासून होता. आमच्यात कुणाला नव्हता? पण त्या महिन्यात जिना चढताना तो मधेच बसायला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. पूड फुप्फुसात बसली होती, आणि ती निघत नाही. घरी ऑक्सिजनचं यंत्र लागणार होतं.

"दात आधी," दातोबा म्हणाला. "हात चालतोय तोवरच. नंतर कुणाकडून करून घेशील?"

"आणि ते दात लावून मी कुणासमोर हसू?"

"अगं, यंत्राचं बघू नंतर."

"तुमचं नंतर मला माहीत आहे."

तो रुसला, बोलेना. तसा त्याला बोलतानाही दम लागायचा, त्यामुळे रुसवा किती आणि धाप किती, आम्हाला कळत नव्हतं.

वहिनी दंतवैद्यांकडे गेल्या आणि तारीख रद्द करून आल्या. दुकानात जाताना त्यांनी मला बरोबर घेतलं. यंत्र मी उचलून वर नेलं, जड होतं. पलंगाशेजारी लावलं तसं ते घरघरायला लागलं. दातोबा भिंतीकडे वळून पडलेला. वहिनींनी त्याला हळूच सरळ केलं, नळी नाकाशी बसवली. तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्यांनी ओठ मिटून घेतले.

त्याच्या सगळ्या रविवारांच्या मजुरीत ते यंत्र बसलं. दोन जादा नळ्याही आल्या.